शिसे मध्येच आले : दाबातून निघणाऱ्या विजेचा इतिहास

सकाळी चहा ठेवताना शेगडीपाशी जो ‘टक्’ असा आवाज होतो, तो आपल्या कानावर दिवसातून दहा वेळा पडतो आणि आपण तो एकदाही ऐकत नाही. या व्याख्यानात मला त्या आवाजाचा इतिहास सांगायचा आहे. विषयाचे पुस्तकी नाव फार भारदस्त आहे : यांत्रिक ऊर्जा गोळा करणारे शिसेविरहित दाबविद्युत नॅनोपदार्थ. नाटक, संतवाङ्मय आणि गायकवाडी अमदानी यांची सवय असलेल्या मंडळींनी हे नाव वाचून पान उलटू नये. नावातला एकेक शब्द आपण सोडवून घेऊ, आणि त्यातले निम्मे साहित्य आपल्या स्वयंपाकघरातच सापडेल.

आधी शेगडीचा वायू कुठून येतो ते पाहू, कारण तो आपल्या हजिऱ्यावरूनच येतो. मुंबईपासून वायव्येला, वसईसमोरच्या समुद्रात ओएनजीसीचे वायूक्षेत्र आहे. कागदोपत्री त्याला ‘साउथ बसीन’ म्हणतात. बसीन म्हणजे आपली वसई, १७३९ साली चिमाजीअप्पांनी घेतली तीच. तिथला वायू समुद्रतळावरच्या दोनशे किलोमीटरहून लांब नळातून हजिऱ्याला येतो. त्यात मिसळलेला विषारी, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हजिऱ्यात वेगळा काढतात, त्यातून एलपीजीही काढतात, आणि उरलेला वायू विजयपूर-जगदीशपूरच्या वाटेने उत्तर हिंदुस्थानात जातो. १९८४ साली गॅस अथॉरिटी स्थापन झाली ती या नळासाठीच. ज्यांच्या घरची मुले हजिऱ्याच्या कारखान्यांत कामाला आहेत त्यांना हे सगळे माझ्याहून जास्त ठाऊक असेल. पण तो वायू पेटवणाऱ्या लायटरमध्ये काय असते, हे मी आजवर अनेकांना विचारले; ‘गारगोटी असेल’ याच्या पुढे उत्तर गेले नाही.

लायटर दाबला की आत एक स्प्रिंग ताणली जाते, शेवटी सुटते आणि एक छोटी हातोडी करड्या रंगाच्या चिमुकल्या नळकांड्यावर आदळते. त्या घावाने नळकांड्याच्या दोन टोकांत काही हजार व्होल्टचा दाब उभा राहतो आणि फटीतून ठिणगी उडते. त्यात सेल नाही, चार्जिंग नाही. आपल्या अंगठ्याचे बळ तेवढे विजेत उतरते. दाबातून वीज, म्हणून दाबविद्युत. ते नळकांडे लेड झिर्कोनेट टायटनेट या सिरॅमिकचे असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला पीझेडटी म्हणतात. अणुभारांची बेरीज करून पाहिली तर त्याच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक शिसे निघते.

सत्तर वर्षे जगभर हेच चालले असल्याने तज्ज्ञांनाही वाटू लागले की दाबविद्युत म्हणजे शिसे, आणि ‘शिसेविरहित’ म्हणजे काहीतरी नवे, अवघड आणि महाग. इतिहास उलटा आहे. या विद्येची पहिली सत्तर वर्षे शिशाविना गेली. शिसे मध्येच आले, एका विशिष्ट कारणासाठी आले, आणि आता ते जायला का हवे हेही त्या कारणातच दडलेले आहे.

सुरुवात एका रत्नापासून करावी लागते. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी सिलोनहून टूर्मलीन नावाचा खडा हॉलंडला नेला. नावाचे मूळही सिंहली ‘तोरमल्ली’ आहे. हा खडा निखाऱ्याजवळ तापला की राख स्वतःकडे ओढतो आणि मग फेकून देतो, असे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्याला ‘राख ओढणारा’ असे डच नावच पडले. याच डच कंपनीची वखार सुरतेत होती आणि तिची जहाजे आपल्या हजिऱ्याजवळच्या सुवालीला नांगर टाकत. इंग्रज कप्तान बेस्टने १६१२ साली पोर्तुगीजांशी झुंज दिली ते हेच सुवाली. तो खडा सुवालीवरून गेला असे मी म्हणत नाही. पण ज्या जहाजी व्यापाराने सुरत मोठी झाली त्याच व्यापाराने हे कोडे युरोपात पोचवले, एवढे खरे. १७५६ साली एपिनस या शास्त्रज्ञाने दाखवले की तापलेल्या टूर्मलीनच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण विद्युत येते. उष्णतेने येते, तर दाबाने का येऊ नये, हा प्रश्न त्यानंतर सव्वाशे वर्षे लोंबकळत राहिला.

उत्तर १८८० साली पॅरिसमध्ये दोन भावांनी दिले. थोरला जाक क्युरी पंचविशीच्या आतबाहेर, धाकटा पिएर एकविशीचा. हाच पिएर पुढे मारी क्युरींचा नवरा. दोघांनी निरनिराळे स्फटिक विशिष्ट दिशेने कापले, दोन्ही बाजूंना कथलाचा पत्रा लावला आणि दाबून विद्युत मोजली. ज्या स्फटिकांत ती मिळाली त्यांची यादी वाचताना मला गंमत वाटली. टूर्मलीन, क्वार्ट्झ, पुष्कराजाच्या जातीचा टोपाझ हे तर आहेतच. पण त्यांच्या शेजारी उसाची साखर आहे आणि टार्टरिक आम्ल आहे. टार्टरिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेचा आंबटपणा. शेवटी रोशेल मीठ आहे. त्याच्याकडे पुढे येतो. शिसे या खटाटोपात कुठेच नव्हते.

साखरेत वीज निघते आणि आपल्या सुरतेच्या हिऱ्यात निघत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण समजायला सोपे आहे. स्फटिकात धन आणि ऋण भाराचे कण ठरावीक मांडणीत बसलेले असतात. मांडणी मध्यबिंदूभोवती अगदी समतोल असेल, तर कितीही दाबा, दोन्ही भार सारखेच सरकतात आणि बाहेर काही दिसत नाही. हिऱ्याची मांडणी अशी समतोल आहे. साखरेची आणि क्वार्ट्झची मांडणी एकांगी आहे. दाबल्यावर धन भाराचा मध्य एकीकडे आणि ऋणाचा दुसरीकडे जातो. म्हणजे या गुणाला दोष लागतो, निर्दोष सौंदर्य चालत नाही. आमच्या होमिओपॅथीच्या गोळ्या उसाच्याच साखरेच्या असतात, तेव्हा कोणी विचारील, त्यातूनही वीज निघेल का? गोळीत असंख्य बारीक स्फटिक वाटेल त्या दिशेला तोंड करून बसलेले असतात. एकाचे दुसरा खोडतो आणि बेरीज शून्य होते. खंभातच्या अकीकाचेही तेच. अकीक म्हणजे क्वार्ट्झच, पण सूक्ष्म कणांचे. राजपीपळ्याच्या डोंगरातून येणारा हा दगड घासताना खंभातच्या कारागिरांच्या फुप्फुसात जी धूळ जाते ती मात्र खोडली जात नाही. सिलिकोसिसने त्यांच्यातले कित्येक जण उमेदीत गेले. हे विषयांतर आहे, पण क्वार्ट्झचे गुणगान करताना ते गाळणे मला बरे वाटेना.

क्युरी बंधूंचा शोध काही काळ प्रयोगशाळेतच राहिला. १८९८ साली मारी क्युरींनी युरेनियमच्या किरणांनी हवेत वाहणारा अतिसूक्ष्म प्रवाह मोजला तो या भावांच्या क्वार्ट्झच्या उपकरणानेच. किरणोत्साराचा सारा अभ्यास त्यावर उभा राहिला. मग पहिले महायुद्ध आले. जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या चकत्या पोलादात बसवून पाण्यात ध्वनी सोडला आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपला. सोनोग्राफीचे हे आजोबा.

आता रोशेल मीठ. फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या सेन्येत नावाच्या औषधविक्रेत्याने सतराव्या शतकात ते बनवले, जुलाबाचे औषध म्हणून. सोडियम आणि पोटॅशियमचे टार्टरेट. जुन्या डॉक्टरांच्या फडताळात निळ्या आणि पांढऱ्या पुडीतले सेडलिट्झ पावडर असायचे. आपल्यापैकी सत्तरी ओलांडलेल्यांनी ते फसफसणारे पाणी नाक दाबून प्यायले असेल. त्या निळ्या पुडीत हेच मीठ होते. दाबविद्युत गुण मात्र त्याच्यात क्वार्ट्झच्या कित्येक पट. १९३० नंतरच्या काळात रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्राच्या सुईमागे आणि मायक्रोफोनात याचा स्फटिक बसे. बालगंधर्वांचा आवाज काही घरांत याच मिठातून उमटला असेल. त्याचे वैगुण्य एकच, पण मोठे : ते पाण्यात विरघळते, दमट हवेत पाझरते आणि पंचावन्न अंशांच्या आसपास तापले की संपले. आपल्याकडच्या हवेत त्याचा निभाव कसा लागणार?

टिकाऊ पदार्थाची गरज दुसऱ्या महायुद्धाने भागवली. तेही दाबविद्युतसाठी नव्हे. रेडिओ आणि रडारला लागणारे कपॅसिटर अभ्रकाचे असत आणि चांगल्या अभ्रकाचा जगातला मोठा पुरवठा आपल्या कोडरमा भागातून होई. युद्धात अभ्रक पुरेना, समुद्रवाटा धोक्याच्या झाल्या. पर्याय शोधताना अमेरिका, जपान आणि रशिया या तिन्ही देशांत, एकमेकांना पत्ता नसताना, एकच पदार्थ सापडला : बेरियम टायटनेट. तो साधा भाजलेल्या मातीसारखा सिरॅमिक. बारीक कणांचा असल्याने, वर अकीकाविषयी सांगितले त्याप्रमाणे, यात बेरीज शून्य यायला हवी. पण युद्ध संपता संपता लक्षात आले की त्याला जोराचे विद्युत क्षेत्र लावले की आतले सगळे कण एका दिशेला तोंड करतात आणि क्षेत्र काढल्यावरही तसेच राहतात. वारकऱ्यांच्या दिंडीने एकदम पंढरीकडे तोंड करावे तसे. आता स्फटिक शोधण्याची, कापण्याची गरज उरली नाही. हवा तो आकार साच्यात दाबा, भाजा आणि दिशा द्या. यातही शिसे नाही.

शिसे आले ते यानंतर. बेरियम टायटनेट सुमारे १२० अंशांच्या वर गेले की दिशा विसरते, आणि त्याचा जोरही मर्यादित होता. १९५२ ते १९५४ या काळात जपानमध्ये लेड झिर्कोनेट आणि लेड टायटनेट यांच्या मिश्रणांचा अभ्यास झाला आणि १९५४ साली वॉशिंग्टनमधल्या बर्नार्ड जाफी यांनी दाखवून दिले की हे दोन पदार्थ जवळजवळ निम्मेनिम्मे मिसळले की एक विलक्षण स्थिती येते. मिश्रण दोन रचनांच्या सीमेवर उभे राहते, इकडे जाऊ की तिकडे अशा अवस्थेत. जरा धक्का लागला की रचना झुकते आणि वीज भरपूर निघते. शिवाय तीनशे अंशांपर्यंत गुण टिकतो, आणि कच्चा माल स्वस्त. शिशाच्या अणूच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. ती अणूला एका बाजूला ढकलते, आणि आपल्याला हवा असलेला एकांगीपणा आपसूक मिळतो. शिसे आले ते असे, गुणावर आले.

पुढे ते सर्वत्र पसरले. पुण्याला पाषाणमध्ये संरक्षण खात्याची शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे. तिथे पीझेडटीचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. रणगाडाभेदी अस्त्र लक्ष्यावर आदळले की फ्यूजमधला स्फटिक दाबला जातो आणि ठिणगी पडते. लायटरचे तत्त्व तेच, काम निराळे. त्याच पदार्थाच्या चकत्या सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये असतात. आपल्या नातवंडांचे पहिले दर्शन आपल्याला बहुधा शिशातूनच घडले आहे.

आता वैद्याने बोलायची जागा आली. पीझेडटी करताना शिसे ज्या रूपात घालतात ते लेड ऑक्साइड, म्हणजे आपले मुरदाडशिंग. त्याचाच लाल भाऊ शेंदूर, जो मारुतीला आपण पिढ्यानपिढ्या चढवत आलो. आपल्या समाजाला शिसे परके नाही, म्हणूनच त्याची भीतीही वाटत नाही. आमच्या होमिओपॅथीच्या ग्रंथात ‘प्लंबम’चे वर्णन आहे : पोट पाठीच्या कण्याकडे दोरीने ओढल्यासारखे आत जाणे, असह्य मुरडा, चिवट बद्धकोष्ठ, हिरड्यांवर निळसर रेघ, आणि मनगटातून लोंबणारा हात. या चित्राला आधार मिळाला तो शिशाच्या भट्टीत आणि रंगाच्या कारखान्यात विषबाधा झालेल्या माणसांचा. होमिओपॅथीविषयी कोणाचे काही मत असो, त्या कामगारांच्या हाताविषयी दुमत नाही. मुलांच्या बाबतीत गोष्ट आणखी गंभीर आहे. शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेऊन शिरते, हाडांत वर्षानुवर्षे मुक्काम करते, वाढत्या मेंदूला कायमचे मागे ओढते. किती शिसे निर्धोक, याला जागतिक आरोग्य संघटनेचे उत्तर आहे : निर्धोक अशी पातळी ज्ञात नाही. आपण २००० साली देशभरच्या पेट्रोलमधून शिसे काढले ते याचसाठी.

अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो : लायटर हाताळल्याने कोणाला शिसेबाधा होत नाही. सिरॅमिकमध्ये ते घट्ट बांधलेले असते. धोका दोन टोकांना आहे. एक टोक भट्टीचे : हा पदार्थ बाराशे अंशांच्या आसपास भाजावा लागतो आणि तेवढ्या उष्णतेला मुरदाडशिंगाची वाफ होते. दुसरे टोक कचऱ्याचे : तुटलेले यंत्र कोणी फोडते, कोणी जाळते, कोणी तळ्यात भरणी करते.

युरोपने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांत शिशाला बंदी केली; वजनाच्या हजारात एका भागापेक्षा जास्त चालणार नाही. आपल्याकडे २०११ चे ई-कचऱ्याचे नियम झाले त्यांतही तीच मर्यादा आली. पण दोन्हीकडे दाबविद्युत सिरॅमिकला सूट मिळाली. कारण प्रामाणिक होते : तोडीचा पर्याय नाही. बंदीची चाहूल लागताच शोध जोरात सुरू झाला. २००४ साली जपानमध्ये सायतो आणि त्यांच्या टोयोटाच्या सहकाऱ्यांनी पोटॅशियम, सोडियम आणि निओबियम यांचा सिरॅमिक पीझेडटीच्या बरोबरीला आणला. २००९ साली चीनमधल्या शिआनच्या शास्त्रज्ञांनी आपल्या जुन्या बेरियम टायटनेटमध्येच थोडे कॅल्शियम आणि झिर्कोनियम घालून काही बाबतींत पीझेडटीलाही मागे टाकले. युद्धातल्या त्या पदार्थाला आपण सोडून दिले होते, तो पाऊण शतकाच्या आत दुसऱ्या वेषात परत आला.

आणि इथे ‘नॅनो’ हा शब्द येतो. २००६ साली अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या चाँग लिन वांग आणि जिन्हुई साँग यांनी झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारा, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास जाड अशा, गवतासारख्या उभ्या वाढवल्या आणि एका सुईच्या टोकाने त्या वाकवून वीज मोजली. मोजलेले सगळे खरोखर दाबविद्युतच आहे का, अशी शंका घेणारेही निघाले, ते योग्यच झाले. पण दिशा उघडली. झिंक ऑक्साइड म्हणजे आपण खरजेवर, घामोळ्यावर लावतो ते पांढरे मलम. वैद्यांचे यशदभस्म मुख्यतः तेच. जाड सिरॅमिक वाकवला की तडकतो, पण तोच पदार्थ इतका बारीक केला की काडीसारखा लवतो. बारीक कण प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यात मिसळले की कापडासारखी वाकणारी, श्वासाने, नाडीने, पावलाने वीज देणारी पट्टी होते. पुण्यात आयसर संस्थेत आर. बूमिशंकर यांच्या गटाने आणखी वेगळी वाट धरली : सेंद्रिय रेणूंचे, शिशाशिवायचे क्षार बनवायचे, ते भट्टीऐवजी द्रावणातून वाढवायचे, आणि लवचिक पडद्यात घालून हालचालीतून वीज काढायची. भट्टी नाही म्हणजे मुरदाडशिंगाच्या वाफेचा प्रश्नच नाही.

आता हिशोब. या विषयावर वर्तमानपत्रात वाचले की वाटते, उद्या रस्त्यावर ट्रक धावतील आणि गाव उजळेल. हजिऱ्याइतकी चाचणीला योग्य जागा दुसरी नाही. इथे २०२२ साली पोलाद कारखान्याच्या मळीचा, म्हणजे स्टील स्लॅगचा, सहापदरी रस्ता झाला आणि त्यावरून रोज हजाराच्या घरात अवजड ट्रक जातात. त्या रस्त्यात दाबविद्युत काही नाही. मी नुसता आकडा मांडतो. दहा टनांचा एक आस रस्त्याला अर्धा मिलिमीटर दाबतो असे धरा. त्या दाबात गेलेली ऊर्जा सुमारे पंचवीस ज्यूल. दिवसाला पाच हजार आस धरले तर सव्वा लाख ज्यूल. घरगुती विजेचे एक युनिट छत्तीस लाख ज्यूलचे असते. म्हणजे त्या एका जागेवर, सगळीच्या सगळी ऊर्जा हाती लागली तरी, एका युनिटचा तिसावा भाग. नऊ वॅटचा दिवा जेमतेम चार तास. प्रत्यक्षात त्यातली बरीच ऊर्जा रस्ता चाकाला परत देतो, आणि जी आपण काढू ती शेवटी ट्रकच्या डिझेलातूनच येणार. माणसाच्या पावलाचे तर विचारू नका. साठ किलोच्या माणसाने कडक सिरॅमिक दहा मायक्रॉन दाबला तर तीन मिलिज्यूल. तोच नऊ वॅटचा दिवा एक सेकंद लावायला तीन हजार पावले. पूर्व जपान रेल्वेने टोकियो स्थानकाच्या फाटकांत २००६ पासून असे प्रयोग करून पाहिले. स्थानक काही त्यावर चालत नाही.

मग हे सगळे फुकट का? नाही. मोठ्या विजेचा हिशोब सोडा आणि लहान विजेचा करा. हजिऱ्याच्या कारखान्यांत कंप्रेसर, पंप आणि नळ रात्रंदिवस थरथरत असतात. ती थरथर बदलली की बेअरिंग जाणार किंवा नळ फुटणार हे आधी कळते. त्यावर पाळत ठेवणारा सेन्सर बराच वेळ झोपतो, क्षणभर उठतो, मोजतो, निरोप पाठवतो आणि पुन्हा झोपतो. त्याला सरासरी शंभर मायक्रोवॅटच्या आसपास शक्ती पुरते, म्हणजे एका वॅटचा दहा हजारावा भाग. एवढी वीज त्या थरथरीतूनच मिळू शकते. मग वायूच्या नळांच्या जंगलात शिडी लावून हजारो सेल बदलत बसायला नको. २०१४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी गाय, मेंढी आणि डुकराच्या हृदयावर अशी पातळ पट्टी बसवून ठोक्यातून पेसमेकरपुरती वीज मिळू शकते असे दाखवले. ती पट्टी मात्र पीझेडटीची होती, वरून प्लॅस्टिकने मढवलेली. प्राण्यांवरचा तो प्रयोग मला वाचवेना. पण त्याहून मला खटकले ते हे, की ज्याला हृदयाच्या ठोक्यावर जगायचे आहे ते यंत्र आपण शिशाचे का करावे?

माझे म्हणणे इथे येऊन ठेपते. दाबविद्युतचा उपयोग लहान विजेपुरता आहे, आणि लहान वीज म्हणजे लहान यंत्रे, आणि लहान यंत्रे म्हणजे असंख्य, विखुरलेली. कपड्यात, बुटात, नळांवर, पुलांच्या खांबांत, शरीरात. सोनोग्राफीचे यंत्र एका खोलीत असते, जुने झाले की कंपनी घेऊन जाते. त्यातले शिसे मोजता येते, परत मिळवता येते. नखाएवढ्या लाखो पट्ट्या कोण वेचणार? सेलचा आपला अनुभव समोर आहे. आम्हा जैनांच्या श्रावकव्रतांत ‘अनर्थदंड’ म्हणून एक शब्द आहे : ज्याचे काही प्रयोजन नव्हते, अशी हिंसा. लायटर घडवणाऱ्याला १९६० साली प्रयोजन होते, पर्याय नव्हता. आज बेरियम टायटनेटने काम भागत असताना विखुरण्यासाठीच बनवलेल्या वस्तूत शिसे घालणे मला त्या शब्दात बसणारे वाटते. म्हणून कायद्याने सूट काढताना सरसकट काढू नये असे माझे मत आहे. सोनोग्राफीचा प्रोब थांबू शकतो. अंगावर मिरवायची पट्टी थांबू नये.

‘शिसेविरहित’ या छापावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. इंग्लंडमध्ये शेफिल्ड विद्यापीठाच्या मंडळींनी २०१६ साली खाणीपासून भट्टीपर्यंतचा हिशोब मांडला. जपानी सिरॅमिकमधले निओबियम खाणीतून काढून शुद्ध करताना पर्यावरणाला जो भार होतो, तो काही बाबतींत पीझेडटीपेक्षाही जड निघाला. लवचिक पडद्यांत वापरतात ते पीव्हीडीएफ प्लॅस्टिक, ज्याचा दाबविद्युत गुण १९६९ साली जपानच्या कावाई यांनी शोधला, शिशाशिवायचे आहे, पण त्यात फ्लोरीन आहे आणि ते लवकर कुजत नाही. शिसे काढून तिथे काय बसवले, हे प्रत्येक वेळी विचारावे लागेल.

दरम्यान जपानच्याच फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ साली दाखवून दिले होते की माणसाचे हाडही दाबविद्युत आहे. आपण चालतो तेव्हा हाडातला कोलॅजन तंतू वाकतो आणि सूक्ष्म विद्युत निर्माण होते. चालल्याने हाड मजबूत राहते यामागे याचा काही भाग असावा असे मानणारे आहेत. नेमका किती, यावर वाद चालू आहे. शिसे जिथे जाऊन दडून बसते तो अवयव हाच.

आणि ते जुलाबाचे मीठ? तेही परतले आहे. रोशेल मिठाचे स्फटिक दुसऱ्या पदार्थांच्या जाळीत वाढवून, वापर संपला की पाण्यात विरघळवून टाकता येतील असे सेन्सर करण्याचे प्रयोग अलीकडे होत आहेत. ज्या विरघळण्याने त्याला बाद केले होते, तेच आता कामाला येते आहे. कोणाच्या घरी आठवी-नववीतले नातवंड असेल तर हे मीठ घरी करता येते. बेकरीच्या सामानाच्या दुकानात क्रीम ऑफ टार्टर मिळते. ते गरम पाण्यात घालून ढवळा, त्यात धुण्याचा सोडा चिमूटचिमूट टाकत राहा. फसफसणे थांबले की गाळा आणि भांडे झाकून एका कोपऱ्यात ठेवा, हलवू नका. दोन-तीन दिवसांत तळाशी काचेसारखे खडे दिसतील. त्यातला चांगला एक दोऱ्याला बांधून त्याच पाण्यात पुन्हा सोडला तर तो बोटाएवढा होतो. दोन बाजूंना पातळ पत्रा, त्याला तारा, तारांना मल्टिमीटर. खड्यावर पेन्सिलीने टिचकी मारली की काटा हलतो. काट्याचा मीटर नसेल तर आकडे उडताना दिसतात. हा उद्योग डिसेंबर-जानेवारीत करावा. पावसाळ्यात इकडच्या हवेत खडा वाढायच्या आधीच पाझरायला लागतो.